शेगडीची चावी बंद होती

दुष्काळानं आमच्या घरातलं पहिलं काय मारलं असेल, तर गोबरगॅस. माणसं टँकरच्या पाण्यावर कशीबशी तगतात, पण गोबरगॅसच्या टाकीला रोज शेण लागतं आणि शेणाइतकंच पाणी लागतं. जनावरं छावणीत गेली, शेणही तिकडंच राहिलं. पाणी तर प्यायला नव्हतं. टाकीवरचं लोखंडी झाकण रोज थोडं थोडं खाली बसत गेलं आणि एका सकाळी शेगडीची ज्योत दोनदा फडफडली नि विझली. मामा, म्हणजे माझे सासरे, शेगडीपुढं कितीतरी वेळ उकिडवे बसून होते. गावातला पहिला गोबरगॅस त्यांचा. पाहुणा आला की आधी त्याला टाकी दाखवायचे, मग पाणी विचारायचे.

गोबरगॅस आणला होता तो आत्यांच्या दम्यासाठी. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. घर माळवदाचं, जाड भिंतींचं, दाराला गुडघाभर उंबरठा, वर धूर जायला हातभर भोक. स्वयंपाक, देव, आत्यांचं अंथरूण, सगळं त्या एकाच खोलीत. गोबरगॅस गेला आणि मी पुन्हा चुलीत तुराट्या घालायला लागले. पहिल्या दिवशी आत्या खोकल्या. चौथ्या दिवशी त्यांना बसून झोपावं लागलं. लातूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हा धूर असाच राहिला तर पुढचा उन्हाळा बघणार नाहीत त्या." मी त्यांना म्हणाले, मग काय बाईनं कच्चं पीठ खायचं का? ते म्हणाले, ते तुम्ही बघा. असा राग आला ना!

आत्यांना दुसरीकडं हलवावं तर त्या हलायच्या नाहीत. देव जिथं तिथं त्या. भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर देवळी होती, तिच्यात नंदादीप. सकाळी आंघोळ, कपाळाला भस्म, दिव्यात तेल, लिंगपूजा, आणि ते झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. दुष्काळातही तांब्याभर पाण्यानं का होईना, आंघोळ पाहिजेच. एरवी दिवसभर तपकीर ओढायच्या. दमेकरी बाई आणि तपकीर! मी डबी लपवायची, त्या शोधून काढायच्या. त्या तपकिरीनं नाक असं मेलं होतं की दूध करपलं तरी त्यांना पत्ता लागायचा नाही.

मी लातूरला गॅसला नंबर लावायला गेले. जिल्हा नवा झाला होता. सगळ्या पाट्या नव्या, रंगाचा वास येणाऱ्या, आणि आमच्या रेशनकार्डावर शिक्का मात्र जुन्या जिल्ह्याचा. एजन्सीतला माणूस म्हणाला, नवा शिक्का आणा. शिक्का मिळाला तरी नंबर दोन वर्षांनी लागणार होता. आमचे हे कंधारला मास्तर. शनिवारी येणार, सगळं ऐकून घेणार, "सांभाळून करा" म्हणणार आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जाणार. डोंबलाचं सांभाळून!

शेवटी माझा भाऊ धावला. तो नांदेडला रेल्वेत. सहा महिने बाहेरगावी ट्रेनिंगला निघाला होता. त्यानं आपलं भरलेलं सिलिंडर, रेगुलेटर आणि रबरी नळी मित्राच्या जीपमध्ये घालून आणून दिली. शेगडी मात्र त्यानं खोलीतल्या दोस्ताला देऊन टाकलेली. "शेगडी तुमच्याकडं हायच की," म्हणाला आणि चहाही न घेता गेला.

मामांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. "गॅस म्हंजे गॅस. शेणाचा काय अन् टाकीचा काय?" म्हणाले. मला काही पटेना, पण नक्की काय चुकतंय ते सांगताही येईना. मी एवढंच म्हणाले, "मामा, घरात नको, अंगणात लावून बघा." तेवढी अक्कल सुचली म्हणून आज लिहायला बसले आहे. मामांनी गोबरगॅसची शेगडी अंगणात ठेवली, नळी खोचली, सिलिंडर उघडलं, चावी फिरवली. चावी म्हणजे शेगडीचं ते गोल बटण. काडी लावली आणि भस्सकन पिवळा जाळ माझ्या छातीएवढा उठला. मामा मागं पडले ते पाठीवर. त्यांची मिशी एका बाजूनं गेली. मी पदर हाताला गुंडाळून रेगुलेटर फिरवलं तेव्हा जाळ बसला. आत्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "चूलच बरी हाय माझी. धुरानं मरीन, पण सावकाश मरीन." आणि हसल्या. मला हसू येईना.

दुसऱ्या दिवशी शेगडी धोतरात बांधून मामा आणि मी लातूरला गेलो. गोलाईच्या बाजारात एका भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर स्टो-शेगड्या दुरुस्त करणारे एक चाचा बसायचे. त्यांनी मामांची मिशी बघितली, शेगडी बघितली आणि कपाळाला हात लावला. पान्यानं बर्नरखालचा पितळेचा इवलासा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्याला जेट म्हणतात. "इसमें से देखो, बेटी." भोकातून समोरचं चपलांचं दुकान दिसत होतं. मग त्यांनी सिलिंडरच्या शेगडीचा जेट दिला. त्याला भोक आहे हे उजेडाकडं धरल्यावर कळलं.

"गोबरगॅस गरीब हाय," चाचा म्हणाले. "धक्का नै मारता, चलके आता. उसकू बडा दरवाजा होना. हा सिलिंडरचा जोरात येतो. याला सुईचं नाकं बस. तुम्ही वेस उघडून दिली."

त्यांनी दोन्ही जेट बदलले, बर्नर बदलले, हवेची चकती फिरवून फिरवून ज्योत निळी केली. नळीला, रेगुलेटरला, प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून फुगे येतात का बघायला शिकवलं. काडी लावून गळती बघायची नाही, हे तीनदा सांगितलं. मग त्यांनी चावी खोलून आतलं पितळ बोटानं चाचपलं आणि म्हणाले, "चाव्या पण बदला. झिजल्या."

"तीन वर्सांत कंदी गळल्या न्हाईत," मामा म्हणाले.

"गोबरगॅसला नसतील गळल्या, काका. याच्या जोराला टिकतील का, भरवसा नै. नव्या चाव्या गुरुवारपर्यंत येतील. शेगडी ठेवून जा."

मामांनी माझ्याकडं बघितलं. ते ठेवून जायला तयार होते, हे मी आज देवाशपथ सांगते. मीच भडकले. म्हणाले, "आठ दिवस? आठ दिवस त्या बाईनं धुरात काढायचे? चला, शेगडी घेऊन जाऊ, गुरुवारी परत येऊ."

चाचांनी आपल्या सिलिंडरवर शेगडी लावली, चाव्या बंद करून फेस लावला, बर्नरवर ओला हात धरला. कुठं काही नाही. "आज नै गळत. कल का मालूम नै," ते म्हणाले. "मग असं कर बेटी. काम झालं की आधी रेगुलेटर बंद. नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझेल, मग चावी. हर बार. चावीच्या भरवशावर राहायचं नै. अन् हा गॅस भारी हाय. गोबरगॅस वर जातो, भोकातून निघून जातो. हा पाण्यासारखा जमिनीवर बसतो. खाली दिवा नको."

"ते सगळं माझ्याकडं लागलं," मी म्हणाले.

घरी दिव्यावरून महाभारत झालं. मी म्हणाले, दिवा वरच्या कोनाड्यात नेऊ. आत्या म्हणाल्या, "तुझ्या टाकीसाठी देव हलवू का मी?" शेवटी तोड निघाली. अखंड दिवा बंद. माझा स्वयंपाक आधी उरकायचा, मी रेगुलेटर बंद करायचं, मग त्यांनी आंघोळ करून दिवा लावायचा, पूजा झाली की निववायचा. पहिल्या दिवशी नव्या गॅसवर रीतीप्रमाणं दूध उतू घालायचं होतं, तर दूध कुठं? छावणीतून मामांनी पेलाभर आणलं. लहानशा बुडकुल्यात ठेवलं, उतू गेलं, आत्यांनी हळदीकुंकू वाहिलं. निळी ज्योत आणि धुराचं नाव नाही. तिसऱ्या रात्री आत्या आडव्या होऊन झोपल्या. मी दोनदा उठून त्यांचा श्वास ऐकला.

आता चुकीचं सांगते. गोबरगॅसला बाहेर टाकीजवळ मोठा नळ असतो. तो आम्ही तीन वर्षांत कधी बंद केला नव्हता. कशाला करायचा? भाकरी झाली की चावी फिरवायची, संपलं. दिवसातून दहा वेळा, तीन वर्षं. मनगटाला तेवढं एकच फिरवणं ठाऊक. गोबरगॅसच्या घरातल्या कुठल्याही बाईचं हेच झालं असतं. पण चाचांना शब्द दिला होता तो कुठल्याही बाईनं नाही, मी दिला होता.

बुधवार होता. दुसऱ्या दिवशी चाव्या आणायला जायचं होतं. शेवटची भाकरी तव्यावर असताना टँकरचा भोंगा वाजला. टँकर सहसा दुपारी यायचा, त्या दिवशी सकाळीच आला. टँकर विहिरीत पाणी सोडायचा आणि सगळं गाव दोर-कळश्या घेऊन काठावर तुटून पडायचं. तासाभरात तळ दिसायचा. मी भाकरी टोपलीत टाकली, चावी फिरवली, घागर घेतली आणि पळाले. मामा माझ्या आधीच विहिरीवर. त्यांनी पहिली कळशी शेंदली आणि म्हणाले, "तुझ्या आत्याच्या आंघोळीला नेऊन ठेवतो. तू नंबर सोडू नको." ते कळशी देऊन परत आले. मी शेंदतच होते.

शेजारची म्हणाली, "झाला का गं सैपाक?"

"झाला की. शेगडी बंद करून आले," मी म्हणाले, आणि माझ्या हातातला दोर थांबला. शेगडी. हात आपोआप वळला होता तो एकदाच. मी डोळ्यासमोर आणून बघितलं: भाकरी, टोपली, चावी, घागर. रेगुलेटर कुठंच नव्हतं. चावी गळत नसेल तर काही नाही. गळत असेल तर पाऊण तास झाला होता, आणि आत्यांना आंघोळीचं पाणी पोचलेलं.

मी पळत सुटले. मागून मामा ओरडले, "अगं नंबर!" भरलेली घागर मी सवयीनं कमरेवर उचलून घेतली होती, हे मला तेव्हा कळलंही नाही. पाणी हिंदकळून लुगडं भिजत होतं, पायात लुगडं अडकत होतं. रस्त्यात एक म्हातारा म्हणाला, "पानी सांडून राहिलीस की बाई!" महादेवा, फक्त आज आंघोळीला उशीर होऊ दे, असं मी मोठ्यानं म्हणत होते. आदल्याच आठवड्यात त्याच आंघोळीवरून मी त्यांना नाही नाही ते बोलले होते.

उंबरठ्याशी आले तर वास. सडक्या कांद्यासारखा, पायापासून वर येणारा. आत्या देवळीपुढं बसलेल्या. केस ओले, कपाळाला भस्म, हातात काडेपेटी.

"आत्या, काडी ओढू नका!" मी किंचाळले.

"थांब की, दिवा लावते," त्या म्हणाल्या. मान वळवली नाही. काडी पेटीवर टेकली होती.

मी घागर उचलली आणि सगळीच्या सगळी त्यांच्या अंगावर फेकली. आत्या, देव, दिवा, भस्म, काडेपेटी, सगळं पाण्यात. मग शेगडीकडं झेप घेतली, सिलिंडरवर वाकले आणि रेगुलेटर फिरवलं. ते उघडंच होतं. आत्यांना बगलेत धरून ओढत उंबरठ्याबाहेर काढलं. त्यांना वास काहीच येत नव्हता. त्या थरथरत म्हणत होत्या, "पिसाळलीस का गं? दुष्काळात घागर ओतलीस? देवावर?" मी सूप घेऊन परत आत गेले आणि जमिनीवरचा गॅस उंबरठ्यावरून बाहेर वारत राहिले. तो गुडघाभर उंबरठा त्याला बाहेर जाऊ देत नव्हता. हात भरून आले तरी वारत होते. रडत होते की घाम होता कोण जाणे.

तोवर मामा आणि चार बायका आल्या. मामांनी वास घेतला. सरळ शेगडीकडं गेले, वाकून चावी बघितली. चावी बंद होती. त्यांनी ती हलवून बघितली, पुन्हा बघितली आणि भिंतीला टेकून खाली बसले.

"बंद चावीतून गळला," म्हणाले. "त्यो चाचा सांगत हुता, बदला म्हणून. मी म्हनलं, चांगल्या हायत. माझ्या हातानं मी हिला जाळली असती."

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य होतं: मामा, रेगुलेटर मी विसरले. दारात चार बायका उभ्या होत्या. आमच्या भागात सून जळाली तर स्टो भडकला म्हणतात आणि पोराला बाशिंग बांधून दुसरी आणतात. सासू जळाली असती तर गाव काय म्हणालं असतं? मी भ्याले, हे खरं. मी सगळ्यांना सुनावणारी, डॉक्टरला, एजन्सीला, नवऱ्याला सुनावणारी. मी सूप हातात धरून उभी राहिले. आत्या ओल्या लुगड्यात माझ्याकडं बघत होत्या.

मामा शेगडी घेऊन त्याच पावली लातूरला गेले. चाव्या आल्या नव्हत्या. ते गोलाईत मुक्काम करून गुरुवारी चाव्या बसवूनच परतले. शेगडी नीट झाली, भावाच्याच कार्डावर सिलिंडर भरून पुढं दोन वर्षं चांगली चालली, मग नंबर लागून नवी आली. आत्यांनी तो उन्हाळा बघितला, पुढचेही बघितले. मामांनी मात्र शेगडीला पुन्हा हात लावला नाही. मी पेटवायला लागले की उठून बाहेर जायचे. चहाचे एवढे शौकीन, पण घरात चहा मागायचं सोडलं. पारावरच्या हॉटेलात जाऊन प्यायचे. आणि तिथं बसून ज्याला त्याला सांगायचे, "माझ्या हट्टापायी बाई जात हुती." पहिल्या वर्षी मी स्वतःला म्हणत होते, जरा शांत झालं की सांगू. नंतर म्हणाले, आता कशाला उकरायचं. मनाला काय, हवं ते पढवता येतं.

मामा गेले त्याला महिना झाला असेल. मी आत्यांच्या पायाला तेल चोळत होते. एकदम तोंडातून निघालं, "आत्या, त्या दिवशी रेगुलेटर मी विसरले होते."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या.

मी चोळायची थांबले.

"मी काय आंधळी हुते? माझ्या अंगावर पानी टाकलंस अन् लगोलग टाकीवर वाकून फिरवलंस. बंद असतं तर काय फिरवलं असतंस?"

"मग तुम्ही मामांना का नाही सांगितलं?"

"मी कामून सांगू? तुझी गोष्ट तू सांगायची. मी म्हनलं, तेज पोरगी हाय, आज सांगंल, उद्या सांगंल." त्यांनी पाय ओढून घेतला आणि पदर सारखा केला. "सहा वर्सं वाट बघितली मी. त्यो मानूस कपभर चहासाठी उन्हातानात पारावर जात हुता गं. तवा तरी सांगायचं हुतंस."